फुकटचं रिमोट अ‍ॅप पुरेल की लायसन्स घ्यावं?

गेल्या अंकात रिमोट अ‍ॅप्सचा, म्हणजे इथं बसून दुसरीकडचा फोन नाहीतर काँप्युटर चालवायच्या अ‍ॅप्सचा, जरासा उल्लेख केला होता आणि त्यावर इतकी पत्रं आली की या वेळची सगळी जागा त्यांनाच दिलीय. बहुतेकांचं म्हणणं एकच, फुकट चालतंय तर पैसे कशाला भरायचे. उत्तरांआधी एक गोष्ट सगळ्यांसाठी सांगून ठेवते, ती पुढं सारखी लागणार आहे. आपल्या फोनातून काँप्युटर चालवणं वेगळं आणि दुसऱ्याचा फोनच आपण चालवणं वेगळं. पहिलं काम जवळजवळ सगळी अ‍ॅप्स करतात, बरीचशी फुकटात करतात. दुसरं अवघड, कारण तिथं अँड्रॉइडचे आणि अ‍ॅपलचे स्वतःचे नियम आड येतात, आणि पैशांची खरी भानगडही तिथंच सुरू होते.

मी पुण्याला नोकरीला, आईबाबा फोंड्याला. बाबांच्या अँड्रॉइड फोनमध्ये एक नावाजलेलं रिमोट अ‍ॅप टाकलंय, लाइट बिल, गॅस बुकिंग, आईच्या औषधांची ऑर्डर हे सगळं मी इथून करून देतो. वर्षभर नीट चाललं, आता 'कमर्शियल वापराचा संशय' असा मेसेज येतो आणि पाच मिनिटांत कनेक्शन तुटतं. मी कुणाकडून एक पैसा घेत नाही. ताई, लायसन्स घ्यावं लागेल का? – एक वाचक, पुणे

नाही, तुम्ही घेऊ नका. टीमव्ह्यूअर काय नि एनीडेस्क काय, दोन्ही कंपन्या जर्मनीतल्या आणि दोघांचा नियम साधारण सारखाच, घरच्या माणसांना किंवा मित्रांना मदत करायची, त्याचे पैसे घ्यायचे नाहीत, मग अ‍ॅप फुकट. आईबाबांचं लाइट बिल भरणं त्यात अगदी चोख बसतं.

अडचण ही की तुम्ही आईबाबांचं काम करताय की गिऱ्हाइकाचं हे कंपनीला दिसत नाही. तिला दिसतं ते एवढंच, कुठून कुठं जोडलं, किती वेळा, किती वेळ, आणि त्यावरून तिची सिस्टीम अंदाज बांधते. नेमकं कशावरून संशय घेतात ते कंपन्या उघड करत नाहीत, आणि त्यांच्या बाजूनं ते बरोबरच आहे. म्हणून आधी तुमची बाजू साफ करा. ऑफिसच्या लॅपटॉपवरून किंवा ऑफिसच्या नेटवरून जोडत असाल तर ते आजपासून बंद, स्वतःचा लॅपटॉप किंवा स्वतःचा फोन वापरा. मग कंपनीच्या वेबसाइटवर जाऊन आपला वापर खासगी आहे असं कळवा. टीमव्ह्यूअरकडे त्यासाठी वेगळा फॉर्मच आहे, त्यात तुमचा आणि बाबांचा, दोन्हीकडचे आयडी टाका आणि खरं तेच लिहा. उत्तर यायला थोडे दिवस जातात. तोवर नवीन इमेल काढ, अ‍ॅप काढून परत टाक असले उद्योग करू नका, आयडी त्या डिव्हाइसलाच बांधलेला असतो त्यामुळं हाती काही लागत नाही.

आता मला खरं वाटतं ते सांगते. तुमच्या यादीतल्या निम्म्या कामांना बाबांचा फोन लागतच नाही. लाइट बिल कन्झ्युमर नंबर टाकून तुम्ही तुमच्याच फोनवरून भरू शकता, गॅसचंही बरंचसं तसंच. उरलेल्या कामांसाठी व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हिडिओ कॉलवर स्क्रीन शेअर करायची सोय २०२३पासून आहे, तिला लायसन्स नाही, पाच मिनिटांची मर्यादा नाही, वेगळं अ‍ॅप नाही. बाबा स्क्रीन दाखवतील, तुम्ही 'खाली हिरवं बटण आहे बघा' म्हणून सांगाल आणि बोट बाबांचंच राहील. पहिल्या चार वेळा वेळ लागेल, चिडचिडही होईल, पण पाचव्या वेळी ते स्वतःहून करतील आणि त्यांच्या फोनचा ताबा कुणाकडे जाणार नाही, अगदी तुमच्याकडेसुद्धा नाही. एक लक्षात ठेवा, अशा कॉलवर असताना ओटीपी आला तर तोही पलीकडच्याला दिसतो, म्हणून ही सोय फक्त घरच्यांशी. बाबांना फोन करून 'स्क्रीन शेअर करा' म्हणणारा घरचा नसेल तर कॉल तिथंच कट करायचा, हे त्यांना आत्ताच शिकवून ठेवा.

म्हापशाला माझं अकाउंट्स आणि जीएसटी रिटर्नचं छोटं ऑफिस आहे, दोन काँप्युटर आणि एक मुलगी कामाला. संध्याकाळी घरी पोचलो की क्लायंटचा फोन येतो, अमक्याचं बिल टाकलं का बघा. फोनातून ऑफिसचा काँप्युटर बघता आला तर पुरे. काँप्युटर माझा, फोन माझा, मग हा वापर पर्सनलच ना? – एक करसल्लागार, म्हापसा

नाही हो. काँप्युटर कुणाचा याला महत्त्व नाही, काम कशाचं याला आहे. टीमव्ह्यूअरनं तर स्पष्टच म्हटलंय की घरून ऑफिसच्या काँप्युटरला जोडणं हा कमर्शियल वापर. तुम्ही क्लायंटचं बिल बघताय, त्या कामाचे तुम्हाला पैसे मिळतात, म्हणजे तो धंदाच झाला. आज चालून जाईल, पण अशी फुकटची आयडी नेमकी कधी अडेल सांगता येत नाही, आणि जीएसटीआर-३बी भरायची २० तारीख असताना पाच-पाच मिनिटांनी कनेक्शन तुटायला लागलं तर तुम्ही काय करणार?

पण म्हणून लगेच महागडा प्लॅनच घ्यायला हवा असंही नाही. आधी बघा ऑफिसच्या काँप्युटरवर विंडोज होम आहे की प्रो. प्रो असेल तर रिमोट डेस्कटॉप त्यातच आहे, त्याचे पैसे तुम्ही विंडोजबरोबर भरलेलेच आहेत, आणि फोनातून जोडायला मायक्रोसॉफ्टचं अ‍ॅप फुकट मिळतं. होम असेल तर त्या काँप्युटरला असं बाहेरून जोडता येत नाही, ती सोय फक्त प्रो आणि त्याच्या वरच्यांना. प्रोमध्ये दोन गोष्टी सांभाळा. एक, तुम्ही फोनातून आत शिरलात की ऑफिसमधली स्क्रीन लॉक होते, म्हणजे ती मुलगी त्याच काँप्युटरवर काम करत बसली असेल तर तिचं काम मध्येच थांबणार, तेव्हा तिला विचारून शिरा. दुसरी जास्त महत्त्वाची. काँप्युटर बसवून देणारा एखादा म्हणतो 'राउटरमध्ये ३३८९ नंबरचा पोर्ट उघडून देतो, कुठूनही चालेल'. पोर्ट म्हणजे नेटवरून काँप्युटरमध्ये यायचं दार. त्याला अजिबात करू देऊ नका. उघडे ३३८९ शोधत जगभरची चोरटी सॉफ्टवेअर दिवसरात्र फिरत असतात, पासवर्ड जुळला की सगळ्या फायली लॉक करून खंडणी मागतात, आणि तुमच्याकडे नुसता तुमचा नाही तर साठसत्तर लोकांचा पॅन, बँक स्टेटमेंट असा डेटा असणार. व्हीपीएन, म्हणजे नेटवरून जाणारा खासगी, बंदिस्त रस्ता, लावून त्यातूनच जोडायचं.

क्रोम रिमोट डेस्कटॉप हा आणखी एक रस्ता. गूगलचं आहे, पैसे नाहीत, विंडोज होमवरही चालतं, किमान सहा आकड्यांचा पिन ठेवावा लागतो आणि तुमच्या गूगल अकाउंटवर टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावलंत तर सुरक्षाही बरी राहते. फाइल पाठवणं, प्रिंट काढणं यात ते कमी पडतं, पण नुसतं बघायला मस्त. फोनच्या सहा इंची स्क्रीनवर व्हाउचर एंट्री करायच्या नादी तसंही लागू नये, एका बोटाचा टच सरकला की खातं दुसरंच निवडलं जातं. आणि तुम्ही हिशेबाचं टॅलीप्राइम वापरत असाल, त्याची टीएसएस ही वर्गणी चालू असेल, तर रिपोर्ट नुसत्या ब्राउझरमध्ये बघायची सोय त्यातच आहे, त्याला काँप्युटरचा ताबा घ्यायची गरजच नाही. आधी ती वापरून बघा, बहुधा तुमचं काम तिथंच भागेल.

एवढं करूनही भागलं नाही तर पैसे भरा आणि ते नीट वाचून भरा. बहुतेक कंपन्या महिन्याचा दर मोठ्या अक्षरात दाखवतात आणि पैसे वर्षाचे एकदम घेतात. प्लॅन आपोआप रिन्यू होतो, बंद करायचा तर मुदत संपायच्या आधी ठरावीक दिवस कळवावं लागतं, ती तारीख कॅलेंडरमध्ये आजच टाका. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे कार्डावरून आपोआप जाणारी रक्कम १५,००० रुपयांच्या आत असेल तर दर वेळी ओटीपी विचारत नाहीत, फक्त २४ तास आधी मेसेज येतो, आणि तो मेसेज आपण वाचतोच असं नाही. वर १८ टक्के जीएसटी आहे, पण त्याचं क्रेडिट कसं घ्यायचं हे मी तुम्हाला काय सांगू.

लायसन्स घेतल्याचा खरा फायदा मला विचाराल तर भरवसा. २०१४च्या जानेवारीत लॉगमीइननं आपली फुकटची सेवा बंद केली तेव्हा लोकांना निर्णय घ्यायला फक्त सात दिवस मिळाले होते. फुकट वापरणाऱ्याशी कंपनीचा करार नसतो, सोय आहे तोवर आहे. ज्या कामावर तुमचं ऑफिस चालतं ते अशा सोयीवर सोडू नये.

काणकोणला आईकडे आयफोन आहे, भावानं इंग्लंडमधल्या स्विंडनहून आणलेला. तिला मदत करता यावी म्हणून मी मुद्दाम पैसे भरून प्लॅन घेतला तरी तिची स्क्रीन नुसती दिसते, मला इथून काही दाबता येत नाही. दुकानदार म्हणतो त्याच्यावरचा प्लॅन घ्या. घेऊ का? – एक वाचक, मडगाव

घेऊ नका, कुठलाही प्लॅन घेतलात तरी ते होणार नाही. बाहेरच्या कुठल्याही अ‍ॅपला आयफोनवर दुसऱ्याच्या वतीनं बटण दाबायची परवानगी अ‍ॅपल देतच नाही. स्क्रीन बघायची परवानगी देतं, तीही आई स्वतः ब्रॉडकास्ट सुरू करेल तेव्हाच. पैसे कितीही भरा, हे कुलूप अ‍ॅपच्या कंपनीचं नाही, फोनच्या कंपनीचं आहे. त्या दुकानदाराला हे माहीत नसेल असं समजूया.

तुमचा स्वतःचाही आयफोन असेल आणि दोन्ही फोनवर आयओएस १८ किंवा त्याच्या पुढचं असेल तर फेसटाइममध्ये स्क्रीन शेअर करताना समोरच्याकडे ताबा मागता येतो, आईनं हो म्हटलं की तुम्ही तिच्या फोनवर बोट फिरवू शकता. ती सोय अ‍ॅपलची स्वतःची आणि फुकट आहे. तुमचा फोन अँड्रॉइड असेल तर मात्र बघणं आणि सांगणं, एवढंच. आणि घेतलेल्या प्लॅनचे पैसे परत मिळायची मुदत काही कंपन्या देतात, बिलाचा इमेल उघडून आजच बघा.

मी डिचोलीला मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानात काम करतो. सेटिंग बिघडलं, स्टोरेज भरलं, प्रिंटर जोडायचाय असल्या कामांना गिऱ्हाइकाला दुकानात बोलावत नाही, फुकटच्या अ‍ॅपवरून करून देतो आणि शंभर-दीडशे घेतो. एवढ्याशा कामाला लायसन्स कोण घेतं? – एक वाचक, डिचोली

भावा, काम छोटं असलं तरी तू त्याचे पैसे घेतोस, म्हणून फुकटचं लायसन्स तुला लागू होत नाही. यात वाद घालायला जागा नाही. तुला ते आवडणार नाही, पण तू स्वतः मेहनतीचे पैसे मागतोस, तसे ते सॉफ्टवेअर लिहिणारेही मागणार.

पण तुझ्या खिशाला परवडेल असा मार्ग आहे. रस्टडेस्क नावाचं अ‍ॅप बघ. ते ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे, आणि एजीपीएल नावाच्या खुल्या लायसन्सखाली येतं, म्हणजे धंद्यासाठी वापरलं तरी अ‍ॅपचे पैसे मागत नाहीत. अँड्रॉइडवरून काँप्युटर चालवता येतो आणि अँड्रॉइड फोनही चालवता येतो, आयफोन फक्त दुसऱ्याला चालवायला वापरता येतो, स्वतः चालवला जात नाही. त्यांच्या सार्वजनिक सर्व्हरवर धंदा उभा करू नकोस, स्वतःचा छोटा सर्व्हर भाड्यानं घेऊन त्यावर बसव, सर्व्हरची साधी आवृत्ती फुकट आहे, जास्त सोयींची प्रो आवृत्ती विकत. बसवायला थोडं शिकावं लागेल. तुला रिपेअरिंगची आवड आहे तर हे तुला जमेल, आणि उद्या म्हापशातल्या त्या करसल्लागारांसारख्यांना तूच बसवून देऊ शकशील.

एक मात्र कधी चुकवू नकोस. काम झालं की गिऱ्हाइकाच्या फोनातून अ‍ॅप त्याच्या समोर, त्याला सांगून काढायला लाव. परत लागेल म्हणून ठेवून देऊ नकोस. त्याच अ‍ॅपमध्ये उद्या दुसरा कुणी शिरला तर लोक तुझ्याकडे बोट दाखवतील.

एका टेलिग्राम ग्रुपवर एका रिमोट अ‍ॅपची प्रीमियम अनलॉक केलेली एपीके, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून टाकायची फाइल, मिळते, सगळे पेड फीचर चालू. टाकू का? – एक विद्यार्थी, कुडचडे

नको. दुसऱ्याचा फोन आतून चालवणारं अ‍ॅप आहे ते, फोटोला फिल्टर लावायचं नाही. कुणीतरी ते फोडलं, त्यात काय घातलं हे तुला माहीत नाही, आणि ते मागतं काय तर अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी, म्हणजे स्क्रीनवरचं सगळं वाचायची आणि तुझ्या वतीनं दाबायची मुभा. अँड्रॉइड १३पासून बाहेरून टाकलेल्या अ‍ॅपला ही परवानगी देताना फोन स्वतःच 'रिस्ट्रिक्टेड सेटिंग' म्हणून अडवतो. तो अडथळा काढायचा रस्ता शोधू नकोस. आधीच टाकलं असशील तर काढ, आणि दुसऱ्या फोनवरून इमेलचा पासवर्ड बदल, यूपीआयचा पिनही बदल.

मोरजीला आमच्या काही रूम्स आहेत, सीझनला भाड्यानं देतो. रिसेप्शनवर एक अँड्रॉइड टॅब आणि दोन फोन, बुकिंग आणि पेमेंट त्यावर. मुलं नवीन असतात, काही अडलं की रात्री अकराला मला स्कूटर काढून जावं लागतं. घरून ते तिन्ही चालवता यावेत, समोर कुणी 'अलाऊ' दाबायला नसलं तरी. कुठला प्लॅन? – एक वाचक, पेडणे

तुम्हाला पैसे भरावेच लागणार, हे तुम्ही धरूनच चालला आहात त्याबद्दल बरं वाटलं. पण प्लॅनच्या पानावर लिहिलेलं तीन वेळा वाचा, कारण मोबाइलच्या बाबतीत लोक तिथंच फसतात.

पहिलं म्हणजे ते पैसे कशाचे घेतात ते बघा. कुणी चालवणाऱ्या माणसामागे घेतं, कुणी जोडलेल्या डिव्हाइसमागे, कुणी एका वेळी किती कनेक्शन चालतात त्यावर. तुमच्याकडे चालवणारे तुम्ही एकटे आणि डिव्हाइस तीन, म्हणून एका माणसाचा, एका कनेक्शनचा छोटा प्लॅन तुम्हाला बस्स आहे, फक्त त्यात तुम्हाला जोडायची तेवढी डिव्हाइस बसायला हवीत. पाच जणांच्या टीमचा प्लॅन गळ्यात मारतील तर नाही म्हणा.

दुसरं, मोबाइलचं. 'मोबाइल सपोर्ट आहे' असं लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ कित्येकदा एवढाच की मोबाइलवरून काँप्युटर चालवता येईल. मोबाइल किंवा टॅबच चालवायचा तर काही कंपन्यांच्या काही प्लॅनमध्ये ते वेगळं अ‍ॅड-ऑन म्हणून विकत घ्यावं लागतं. टीमव्ह्यूअरमध्ये असं अ‍ॅड-ऑन मी पाहिलंय. म्हणून विकणाऱ्याला प्रश्न असा विचारा, 'माझ्या फोनातून माझ्या अँड्रॉइड टॅबवर समोर कुणी नसताना बटण दाबता येईल का, आणि ते याच दरात का?' आणि उत्तर इमेलवर मागा, फोनवरचं 'हो सर, सब हो जायेगा' धरू नका.

तिसरं सगळ्यात कटकटीचं. समोर कुणी नसताना चालवणं हे काँप्युटरवर सोपं आहे, अँड्रॉइडवर नाही. स्क्रीन बाहेर दाखवायची तर अँड्रॉइड समोरच्या माणसाची परवानगी मागतं, आणि अँड्रॉइड १४पासून तर ती प्रत्येक वेळी नव्यानं घ्यायचा नियम केलाय. मोठी अ‍ॅप्स त्यावर मार्ग काढतात ते टॅब बनवणाऱ्या कंपनीशी जुळवून, त्या कंपनीसाठी वेगळं प्लगइन, म्हणजे जोड-अ‍ॅप, देऊन. म्हणजे एका कंपनीच्या टॅबवर जे चालेल ते दुसऱ्याच्या स्वस्त टॅबवर चालेलच असं नाही. म्हणून आधी फुकटची ट्रायल घ्या आणि ती तुमच्याच टॅबवर, मोरजीच्याच वायफायवर करून बघा. टॅब बंद करून चालू करा, मग घरून जोडून बघा. पावसात लाइट जाते, राउटर बंद पडतो, परत आल्यावर अ‍ॅप आपोआप उठतंय का? बऱ्याच फोनांत बॅटरी वाचवायच्या नादात मागं चालणारी अ‍ॅप्स मारून टाकतात, सेटिंगमध्ये जाऊन या अ‍ॅपला त्यातून वगळा. हे सगळं पास झालं तरच कार्ड बाहेर काढा.

आणि ज्या फोनवर पेमेंट येतात त्या फोनवर हे अ‍ॅप टाकूच नका. बुकिंगच्या टॅबपुरतं ठेवा. तसंही बऱ्याच बँकांची अ‍ॅप्स स्क्रीन शेअर चालू असली की काळी पडतात किंवा उघडायलाच नकार देतात, आणि ते आपल्याच भल्याचं आहे.

साखळीला एकटी राहते, निवृत्त शिक्षिका आहे. 'आज रात्री लाइट तोडणार' असा मेसेज आला, त्या नंबरवर फोन केला तर माणूस गोड बोलून एक अ‍ॅप टाकायला सांगत होता, त्यातला नंबर वाचून दाखवा म्हणाला. मला शंका आली म्हणून ठेवून दिला. शेजारचा मुलगा म्हणतो फुकटचं अ‍ॅप होतं म्हणून धोका, पैसे भरून घेतलेलं सुरक्षित असतं. खरं का हो? – एक वाचक, साखळी

बाई, तुम्ही फोन ठेवलात ते फार चांगलं केलंत, आणि लिहून कळवलंत तेही. शेजारच्या मुलाचं म्हणणं मात्र बरोबर नाही. ठग वापरतात ती अ‍ॅप्स बहुतेकदा खरीच असतात, प्ले स्टोअरवरची, ऑफिसांत रोज वापरतात तीच. फुकटची असोत की लायसन्सची, आत शिरायचा रस्ता एकच, तुम्ही तुमच्या स्क्रीनवरचा नंबर वाचून दाखवायचा आणि 'अलाऊ' दाबायचं. त्यानं लायसन्सचे लाख रुपये भरलेले असले तरी तुम्ही नंबर सांगितला नाही तर तो बाहेरच राहतो. २०१९च्या फेब्रुवारीत रिझर्व्ह बँकेनं एनीडेस्कचं नाव घेऊन बँकांना सावध केलं होतं ते याच प्रकाराबद्दल, लोकांना नऊ आकडी कोड वाचायला लावून त्यांच्या फोनातून यूपीआयचे पैसे काढत होते म्हणून. अ‍ॅप वाईट नाही, ते अनोळखी माणसाच्या हातात देणं घातक आहे.

वीज खातं असो, बँक असो, गॅसवाला असो, यातलं कुणीही तुमच्या फोनचा ताबा मागत नाही. शंका आली तर मेसेजमधल्या नंबरवर फोन न करता जुन्या बिलावर छापलेला नंबर बघा किंवा ऑफिसात जाऊन या.

हे वाचणाऱ्या कुणी नंबर सांगून बसलं असेल त्यांच्यासाठी. आधी फोनचं नेट तोडा, विमानाचं चिन्ह असतं ते दाबा, म्हणजे त्याचा हात सुटतो. मग शेजाऱ्याच्या फोनवरून बँकेला कळवून खातं थांबवा आणि १९३० ला फोन करा, सायबर गुन्ह्यांसाठीचा तो देशभरचा नंबर आहे, जितक्या लवकर कराल तितके पैसे पुढं जायच्या आत अडवता येण्याची शक्यता जास्त. लाजू नका, घरच्यांना सांगायला घाबरू नका, उशीर नडतो. रिझर्व्ह बँकेच्या २०१७च्या परिपत्रकाप्रमाणे आपण गुप्त माहिती दिल्यामुळं पैसे गेले तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतरचं बँकेचं, म्हणजे त्या एका फोन कॉलला किती किंमत आहे बघा. अ‍ॅप काढायचं ते सगळ्यात शेवटी, आणि काढायच्या आधी त्याच्या स्क्रीनचे फोटो दुसऱ्या फोननं घेऊन ठेवा, पोलिसांना दाखवायला लागतील.

वाळपईला नेट कमी, कॉलेजच्या लॅबमधला काँप्युटर घरून फोनवर चालवताना चित्र अडकतं. सर म्हणाले पेड घेतलं की फास्ट होईल. होईल का? – एक विद्यार्थी, सत्तरी

बहुतेक नाही. वेग ठरतो तो तुझ्या नेटवर आणि लॅबच्या काँप्युटरच्या अपलोड स्पीडवर, लायसन्सवर नाही. अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये चित्राची क्वालिटी कमी कर, 'स्पीड' निवड, पलीकडचा वॉलपेपर बंद ठेव, स्क्रीनचं रिझोल्यूशन उतरव, आवाज लागत नसेल तर तोही बंद कर. प्रोग्रामिंगचं काम असेल तर अख्खी स्क्रीन ओढून आणायची गरजच नाही, लॅबच्या सरांना एसएसएच, म्हणजे नुसत्या टाइप केलेल्या हुकमांनी दूरचा काँप्युटर चालवायची सोय, चालू करून देता येईल का विचार, त्यात नुसती अक्षरं येतात-जातात आणि ती टूजीवरसुद्धा पळतात. लॅबचा काँप्युटर कॉलेजचा आहे, तेव्हा कुठलंही अ‍ॅप टाकायच्या आधी त्यांची लेखी परवानगी घे.